साखरेच्या कवचाआडचे जिवाणू
पुरळावर काचेचा पेला दाबा, डाग विरले तर मेनिंजायटिस (मेंदूभोवतीच्या आवरणांची सूज) नाही, असा एक संदेश अधूनमधून फिरत असतो. तो अर्धवट आहे. दाबूनही न विरणारे लालसर-जांभळे डाग ही धोक्याची खूण खरीच, पण कित्येक रुग्णांना पुरळ येतच नाही किंवा फार उशिरा येतं.

ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणं, ग्लानी, असंबद्ध बडबड यांतलं दोन-तीन एकत्र दिसलं तर डागांची वाट बघू नये. मान आखडते, कारण हनुवटी छातीकडे नेली की मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीची सुजलेली आवरणं ताणली जातात आणि मानेचे स्नायू आपोआप कडक होतात. तान्ह्या बाळात हे बऱ्याचदा सापडत नाही. ते दूध ओढत नाही, मलूल पडतं, कर्कश रडतं. शांत असताना उभं धरलं तरी टाळू फुगलेली, ताठ लागते. जिवाणूजन्य मेनिंजायटिसमध्ये 24 तासांतही जीव जाऊ शकतो, म्हणून थेट रुग्णालय गाठायचं.

आता लशीची खरी गंमत. मेनिंजायटिस घडवणारे हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी), न्यूमोकॉकस आणि मेनिंगोकॉकस हे तिन्ही जिवाणू साखरेच्या लांब साखळ्यांचं कवच पांघरतात. प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवणारी बी पेशी ही साखर ओळखते, पण जोमानं कामाला लागायला तिला टी पेशी या दुसऱ्या संरक्षक पेशीची मदत लागते. टी पेशीला मात्र सहसा प्रथिनांचेच तुकडे कळतात. म्हणून नुसत्या साखरेच्या जुन्या लशी दोन वर्षांखालच्या मुलांत फारशा चालत नसत, प्रतिकारशक्तीची स्मृतीही टिकत नसे. तोडगा असा निघाला, की साखर एखाद्या प्रथिनाला, उदाहरणार्थ धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला, रासायनिक बंधानं जोडायची. बी पेशी साखर ओळखून ही जोडी गिळते आणि प्रथिनाचे तुकडे पृष्ठभागावर मांडते. टी पेशी ते पाहून मदतीला येते, आणि तयार होतात साखरेविरुद्धची प्रतिपिंडं! टी पेशीला साखरेचा पत्ताही नसतो. प्रतिकारशक्तीची पावडर विकणाऱ्यांनी एवढं करून दाखवावं.

ही कॉन्जुगेट लस. मेनिंगोकॉकसच्या ए गटाविरुद्धची, पुण्यात बनलेली अशी लस 2010 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत मोठ्या मोहिमेनं सुरू झाली. पुढं सेनेगल ते इथिओपिया पट्ट्यातल्या ए गटाच्या साथी जवळजवळ थांबल्या.

मेनिंगोकॉकसच्या बी गटापुढं ही युक्ती चालत नाही. त्याची साखर आपल्या चेतापेशींवरच्या साखरेसारखीच, म्हणून शरीर तिला आपली समजतं. तिथं लस जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांपासून करावी लागली. म्हणून लसीकरणाच्या कार्डावर कोणता जिवाणू, कोणता गट लिहिलाय ते पाहावं. विषाणूंमुळे होणारा मेनिंजायटिस यांतल्या कुठल्याच लशीच्या कक्षेत येत नाही.