‘प्लग टॅप’ म्हणजे नेमका कोणता? बारीक, खोल भोकातल्या आट्यांची पार्श्वभूमी

एम10 चा (10 मिमी व्यासाचा) आटा पाडताना टॅप, म्हणजे भोकात स्क्रूचे आटे पाडणारं हत्यार, तुटला तर चूक बहुधा कारागिराची असते. एम3 चा आटा, तोही बंद (आरपार नसलेल्या) भोकात आणि व्यासाच्या तिप्पट खोल, पाडताना टॅप तुटतो तेव्हा बहुतेक वेळा चिपला, म्हणजे कापून निघालेल्या धातूच्या किसाला, जायला जागा नसते. टॅपचा व्यास निम्मा झाला की पीळ सोसण्याची त्याची ताकद आठव्या हिश्श्यावर येते. हँडल लांब असेल तर हाताला हे कळतच नाही.

सुरुवातीचे टॅप म्हणजे कानशीने बाजू सपाट केलेले, पाणी दिलेले स्क्रूच. ते धातू कापण्यापेक्षा दाबत जास्त. फ्लूट, म्हणजे चिपला वाट देणाऱ्या टॅपवरच्या लांब खाचा, नंतर आले. 1841 मध्ये इंग्लंडमध्ये 55 अंश कोनाचा आटा ठरला, 1864 मध्ये अमेरिकेत 60 अंशांचा. घड्याळं आणि उपकरणांच्या बारीक स्क्रूंना दोन्ही गैरसोयीचे होते. त्यासाठी 1884 मध्ये इंग्लंडमध्येच बीए (ब्रिटिश असोसिएशन) आटा आला. त्याचा कोन 47.5 अंश. शून्य नंबर 6 मिमी व्यासाचा आणि 1 मिमी पिचचा (पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर), पुढच्या प्रत्येक नंबरची पिच आधीच्या नऊ-दशांश. इंचांच्या देशात बारीक कामासाठी मात्र मिलिमीटर!

खरा गुंता टॅपच्या नावांचा आहे आणि त्यापायी आजही टॅप तुटतात. तीन टॅपच्या संचाला ब्रिटिश वळणाने टेपर, सेकंड, प्लग म्हणतात. आपल्या आयटीआयमध्ये हीच नावं रुळली. इथे प्लग म्हणजे शेवटचा, भोकाच्या तळापर्यंत आटा नेणारा. अमेरिकन वळणात मात्र टेपर, प्लग, बॉटमिंग. तिथे प्लग मधला. अमेरिकन प्लगची तोंडाकडची उतरती धार तीन ते पाच आट्यांची, ब्रिटिश प्लगची जेमतेम एक-दोन. अमेरिकन कॅटलॉग वाचून ‘प्लगने सुरुवात करा’ म्हणणारा आणि आपल्या पेटीतला प्लग उचलणारा, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पण सगळा कट एक-दोन आट्यांवर येतो आणि 2.5 मिमीच्या भोकात टॅप कट्कन मोडतो.

त्यात जर्मन पद्धतीची भर पडली. ब्रिटिश-अमेरिकन संचात तिन्ही टॅपचा व्यास सहसा सारखाच असतो, फरक फक्त उताराचा. जर्मन संचात पहिले दोन टॅप व्यासानेही कमी असतात. पहिल्याच्या दांड्यावर एक रेघ, दुसऱ्याच्या दोन, शेवटचा बिनरेघेचा. बारीक आणि खोल कामाला मला हीच पद्धत सरस वाटते, कारण प्रत्येक टॅप थोडंच खातो. एका रेघेवर काम थांबवलं तर मात्र स्क्रू बसत नाही. नावापेक्षा रेघ बघायची सवय लागली की गोंधळ मिटतो.

1900 च्या सुमारास हायस्पीड स्टील आलं आणि यंत्रावरच्या टॅपिंगला वेग आला. हाताने काम करताना अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे घेऊन चिप तोडता येते, धावत्या यंत्राला ते जमत नव्हतं. मग आरपार भोकासाठी चिप पुढे ढकलणारा स्पायरल पॉइंट टॅप (आपल्याकडचा ‘गन टॅप’) आणि बंद भोकासाठी चिप वर ओढून काढणारा स्पायरल फ्लूट टॅप रूढ झाला. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) रिजिड टॅपिंग आल्यावर स्पिंडलचं, म्हणजे टॅप फिरवणाऱ्या दांड्याचं, फिरणं आणि टॅपचं उतरणं एकमेकांत बांधलं गेलं. त्याआधी या दोन्हींतला फरक स्प्रिंगच्या होल्डरने झेलावा लागे.

फॉर्म टॅपने तर चिपच काढून टाकली. तो धातू दाबून आटा उठवतो, म्हणजे पुन्हा त्या पहिल्या कानशीच्या टॅपचीच चाल, फक्त आता नेमक्या मापात. ॲल्युमिनियम, तांबं, मऊ स्टील यांत तो उत्तम चालतो. बिडात नाही, कारण बीड दबत नाही, तुटतं. भोकही मोठं लागतं: एम3 साठी कटिंग टॅपला 2.5 मिमीचं ड्रिल, फॉर्म टॅपला साधारण 2.8 चं. टॅप बदलला आणि ड्रॉइंगवरचा 2.5 तसाच राहिला तर पहिल्याच भोकात तो जाम होतो. तुटलेला दांडा हातात येतो आणि तुकडा जॉबमध्ये (आटा पाडायच्या वस्तूत) राहतो. जॉब पितळेचा असेल तर घड्याळजींची जुनी युक्ती कामी येते: तुरटीच्या गरम पाण्यात जॉब बुडवून ठेवायचा. स्टील हळूहळू विरघळतं, पितळ तसंच राहतं. जॉब स्टीलचा असेल तर स्पार्क इरोजन, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी तुकडा झिजवून काढणं.