नदीकाठी माजलेला तेरडा

गौरीच्या दिवसांत तेरड्याची पिकलेली बोंडं चिमटीत धरून फोडायचा खेळ आपल्यातल्या अनेकांनी खेळला असेल. जरा दाब पडला की साल गुंडाळते आणि बिया उडतात. ब्रिटनमधल्या नदीकाठांना गांजणारं झाड याच तेरड्याचं भावंड आहे. नाव हिमालयन बाल्सम, मूळ घर पश्चिम हिमालय. गुलाबी फुलांच्या हौसेपायी १८३९ मध्ये ते तिकडे नेलं गेलं आणि बागांमधून निसटून नद्यांच्या काठी पोहोचलं.

आपला तेरडा गुडघा-मांडीपर्यंत वाढतो, हा मात्र दोन-अडीच मीटर. एका झाडाला सुमारे ८०० बिया, आणि बोंड फुटलं की त्या ७ मीटरपर्यंत फेकल्या जातात. पुढचा प्रवास पाणी करतं. दाट सावलीत बाकीची रोपं मरतात. खरं नुकसान दिसतं ते हिवाळ्यात. झाड एकाच हंगामाचं असल्याने थंडी पडताच वाळून जातं आणि काठ उघडा पडतो. माती धरून ठेवणारी बारमाही गवतं आधीच संपलेली असतात. मग पुराचं पाणी काठ कातरत जातं आणि तो गाळ सालमन मासे जिथे अंडी घालतात त्या खड्यांमध्ये बसतो.

पण एकाच हंगामाचं आयुष्य हीच त्याची दुखरी नसही आहे. मुळं उथळ असल्याने झाड हाताने सहज उपटता येतं. फक्त ते बी धरण्याआधी व्हायला हवं. कापायचं तर खोडाच्या सगळ्यात खालच्या पेराखाली, नाहीतर उरलेल्या बुंध्याला पुन्हा फांद्या फुटून फुलं येतात. बी मातीत साधारण दोन वर्षं तग धरतं, म्हणून त्याच जागी दोन-तीन वर्षं परत जावं लागतं. आणि सुरुवात नदीच्या वरच्या अंगाने करायची. आपल्या गावाजवळचा काठ कितीही मेहनतीने साफ केला, तरी वरून येणारं पाणी नवं बी आणून टाकतं. माझ्या मते सगळ्यात जास्त श्रम वाया जातात ते इथेच.

हीच रीत आपल्याकडच्या बेशरमाला लावली तर फसेल. बेशरम बारमाही आहे आणि ओल्या मातीत पडलेल्या खोडाच्या तुकड्यालाही मुळं फुटतात. ते तोडून काठावरच टाकणं म्हणजे नवी लागवड करणंच. तोडलेला प्रत्येक तुकडा पाण्यापासून लांब नेऊन पूर्ण वाळवायला हवा.

मैलोन्‌मैल काठ हाताने उपटत राहणं शक्य नाही, म्हणून संशोधक बाल्समच्या माहेरी, हिमालयात आले. गव्हावरचा तांबेरा आपले शेतकरी ओळखतात, तशाच जातीची एक बुरशी तिथे बाल्समवर जगते. ती कोवळ्या रोपाच्या खोडात शिरते आणि पुढे पानांवर पसरते. इतर झाडांना ती धरत नाही ना, याच्या चाचण्या झाल्यावर २०१४ मध्ये तिचं भारतातलं वाण इंग्लंडमध्ये सोडण्यात आलं. काही ठिकाणी ते रुजलं, काही ठिकाणची झाडं त्याला दादच देईनात. कारण ब्रिटनमधलं सगळं बाल्सम एकाच खोऱ्यातून गेलेलं नाही, आणि एका खोऱ्यातला तांबेरा दुसऱ्या खोऱ्यातल्या झाडाला लागेलच असं नसतं. म्हणून पुढे पाकिस्तानातून दुसरं वाण नेण्यात आलं. आता एखाद्या काठावर बुरशी सोडण्याआधी तिथल्या झाडाची पानं तपासून त्याला कोणतं वाण लागतं हे बघतात.