भाडेपावतीवरच्या तीन ओळी : मुंबईतला घरमालकाचा कर आणि भाडेकरू

गिरगावात आमच्या घरी भाडेपावत्या एका तारेला ओवून खिळ्याला टांगलेल्या असत. पिवळट कागदावर पहिली ओळ भाड्याची, दुसरी पालिकेच्या कराची, तिसरी दुरुस्ती उपकराची. भाड्याचा आकडा वर्षानुवर्षे जागचा हलत नसे, खालचे दोन मात्र अधूनमधून चढत. ‘भाडं वाढलं नाही, मग पैसे जास्त कसे?’ हा प्रश्न महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चाळीच्या जिन्यात हमखास ऐकू येई.

त्याचे उत्तर 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यापासून सुरू होते. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल ते ठरवायचे, दुरुस्तीपोटी त्यातले दहा टक्के वजा करायचे, उरले ते करयोग्य मूल्य. मालमत्ता कर त्यावर लागायचा आणि घर भाड्याने दिलेले असेल तर तो भरायची पहिली जबाबदारी मालकाची. म्हणजे मालकाचा कर भाडेकरूच्या भाड्याला जन्मापासून बांधलेला होता. भाडे बाजाराप्रमाणे बदलत होते तोवर या गाठीचे कुणाला काही वाटले नाही.

मग महायुद्ध आले, भाड्यांवर बंधने आली आणि 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे ‘प्रमाण भाडे’ सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकले. फाळणीनंतरची माणसे शहरात येत होती, जागेची टंचाई भीषण होती. त्या दिवसांत गिरणी कामगाराच्या डोक्यावरचे छप्पर या कायद्याने वाचवले आणि ते योग्यच झाले असे मी आजही मानतो. चूक पुढे झाली. तात्पुरत्या म्हणून केलेल्या कायद्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत नेली आणि भाड्याचा आकडा दगडासारखा बसला. त्याच कायद्यात दुसरीही एक तरतूद होती. पालिकेचे कर वाढले, तर ती वाढ मालकाला भाड्याव्यतिरिक्त भाडेकरूकडून घेता येत असे. आमच्या पावतीवरची दुसरी ओळ फुगायची ती यामुळे.

पण ती फार फुगूही शकली नाही. भाडे गोठले असताना पालिकेने कर बाजारभावाने आकारायचा की गोठलेल्या भाड्याने, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कोलकात्याच्या पद्मा देबी खटल्यात 1961 मध्ये आणि दिल्लीच्या दिवाण दौलतराय कपूर खटल्यात 1979 च्या डिसेंबरात न्यायालयाचे म्हणणे एकच होते : कायद्याने जे भाडे मालकाला घेता येत नाही, ते त्याला मिळते असे धरून कर लावता येणार नाही. परिणाम असा की, दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या जुन्या इमारती नाममात्र कर भरत राहिल्या आणि उपनगरात नव्याने बांधलेल्या छोट्या घरांना त्याहून जास्त कर बसला.

खरा घाव बसला तो दुरुस्तीवर. हातात येणाऱ्या भाड्यात मालकाला गच्चीची गळतीसुद्धा थांबवता येत नव्हती. इमारती कोसळू लागल्या, माणसे दगावली, तेव्हा 1969 मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि मुंबई बेटावरच्या, म्हणजे उपनगरे सोडून मूळ शहरातल्या, जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर आला. 1940 पूर्वीच्या ‘अ’ वर्गात, 1950 पर्यंतच्या ‘ब’ वर्गात, 30 सप्टेंबर 1969 पर्यंतच्या ‘क’ वर्गात. सुरुवातीला अशा 19,642 इमारती होत्या. हा उपकर पालिका मालमत्ता कराच्या बिलातूनच गोळा करायची आणि मालक तो पावतीत जोडायचा. ही झाली तिसरी ओळ. आता गंमत नव्हे, दुःख असे की, उपकराची टक्केवारीही करयोग्य मूल्यावरच लागायची. मूल्य गोठलेले म्हणून उपकर तोकडा, उपकर तोकडा म्हणून दुरुस्ती टेकूंपुरती. दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा होती. त्यापलीकडे खर्च गेला की भाडेकरूंनी वर्गणी काढायची, नाहीतर बोचके बांधून संक्रमण शिबिरात जायचे. तिथे माणसांची पिढीच्या पिढी गेली.

1973 मध्ये भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्ती करून त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले गेले. हेतू चांगला होता, पण मालकांनी धसका घेतला आणि घरे कुलूपबंद ठेवणे पसंत केले. 1961 मध्ये देशातल्या शहरांत 54 टक्के घरे भाड्याची होती, 2011 मध्ये 28 टक्के उरली. एकट्या मुंबईत सुमारे 4.8 लाख घरे रिकामी होती. दोन्ही आकडे केंद्राच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीतले आहेत.

1997 च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठलेले प्रमाण भाडे अवाजवी ठरवले. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा आली, पागडीला, म्हणजे भाडेहक्कासाठी घेतल्या जाणाऱ्या एकरकमी रकमेला, कायदेशीर मान्यता मिळाली, पण करवाढ भाडेकरूकडून वसूल करण्याची वाट तशीच राहिली. भाडे आणि कर यांची गाठ सुटली ती 1 एप्रिल 2010 पासून, पालिकेने भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडीरेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या जागेच्या) दरावर बेतलेली आकारणी आणली तेव्हा.

प्राप्तिकरातही बदल झाले. भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जावरचे व्याज पूर्वी कितीही असले तरी त्यातून होणारा तोटा पगारासारख्या इतर उत्पन्नातून वजा होई. 2017 च्या अर्थसंकल्पाने त्याला वर्षाला दोन लाखांची मर्यादा घातली. भाड्यासाठी म्हणून कर्जाने घर घेणाऱ्याचे गणित त्यामुळे अवघड झाले. दोनच वर्षांनी दुसऱ्या रिकाम्या घराच्या काल्पनिक भाड्यावरचा, म्हणजे न मिळालेले भाडे मिळाले असे धरून लावलेला, करही काढून टाकला. घर भाड्याने द्यायला लावणारा तोही एक रेटा होता, तो गेला. भाडेकरूच्या बाजूने पाहिले तर हे दोन्ही निर्णय एकाच दिशेला ढकलणारे आहेत आणि त्यांची एकत्र चर्चा फारशी झाली नाही याची मला खंत वाटते.

आज कांदिवलीत किंवा मुलुंडमध्ये 11 महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या जोडप्याच्या हातात तीन ओळींची पावती नसते. बँकेतून एकच रक्कम जाते. कर सोसायटीच्या बिलातून मालक भरतो आणि भाड्यात धरतो. जानेवारी 2022 मध्ये मुंबईतल्या 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाल्याचे जाहीर झाले. तेवढे भाडे उतरवण्याचे बंधन मालकावर नव्हते आणि ते उतरले की नाही, हे ताडून पाहायला भाडेकरूकडे आता दुसरी ओळ नाही.