सिझेरियननंतरचे वेदनाशमन

सिझेरियन ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. एरवी अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पडून राहता येते. बाळंतिणीला मात्र काही तासांतच बाळ पाजायला घ्यावे लागते. म्हणून दुखणे थांबावे, पण तिला गुंगी येऊ नये आणि औषध दुधातून बाळाला बाधू नये, असे तिहेरी भान येथे ठेवावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतात २१.५ टक्के, महाराष्ट्रात २५.४ टक्के आणि गोव्यात ३९.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे आढळले.

दुखणे मुख्यतः दोन ठिकाणचे असते. एक टाक्यांचे: खोकताना, हसताना, कुशीवर वळताना ते उसळते. दुसरे गर्भाशयाचे. गर्भाशय आकसत असताना कळा येतात. बाळ पाजताना ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, त्यामुळे नेमक्या त्याच वेळी त्या वाढतात. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात अधिकच. शिवाय आतड्यांची हालचाल मंदावून पोट फुगते, तेही दुखते.

वेदनाशमनाची सुरुवात भूल देतानाच होते. पाठीच्या कण्यातून दिलेल्या भुलेचा असर काही तासांत ओसरतो. तिच्यात अत्यल्प, साधारण ५० ते १५० मायक्रोग्रॅम, मॉर्फिन हे अफूजन्य वेदनाशामक मिसळले तर सुमारे १२ ते २४ तास आराम मिळतो. अंगाला खाज सुटणे आणि मळमळ हे त्याचे नेहमीचे त्रास. क्वचित श्वास मंदावतो, म्हणून देखरेख लागते. मॉर्फिन दिले नसेल तर पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये बधिर करणारे औषध सोडता येते.

पुढचा खरा आधार पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांच्या जोडीचा. दोन्ही औषधे वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात आणि स्तनपानात सहसा चालतात. जठरव्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक टाळतात. पहिले काही दिवस वेदनाशामके दुखू लागल्यावर नव्हे, घड्याळ पाहून द्यावीत. चढलेले दुखणे उतरवायला औषध जास्त लागते. ‘आईने सोसायचेच असते’ या समजुतीपायी अनेक जणी गोळी मागत नाहीत, आणि घरचेही त्याचे कौतुक करतात. हे चुकीचे आहे. दुखणारी आई नीट बसू शकत नाही, चालायचे टाळते, पाजणेही अवघड होते. तीव्र दुखण्यासाठी अफूजन्य औषधे थोडीच आणि थोडाच काळ वापरतात. अशा प्रकारची कोडीन व ट्रॅमाडॉल ही औषधे स्तनदा मातांनी घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. काही स्त्रियांच्या शरीरात त्यांचे फार वेगाने अधिक प्रभावी रूपात रूपांतर होते, ते दुधात उतरून बाळाचा श्वास मंदावू शकतो.

खोकताना पोटाशी उशी दाबून धरणे, उठताना आधी कुशीवर वळून हातांच्या रेट्याने बसणे, काहींना पोटपट्टा यांनीही आराम पडतो. सव्वा महिना विश्रांतीची आपली रीत चांगली आहे, पण तिचा अर्थ अंथरुणाला खिळणे असा घेऊ नये: लवकर चालल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घटतो. शेक-शेगडी जखमेजवळ नको. टाक्यांभोवतीची त्वचा काही महिने बधिर असते, त्यामुळे भाजलेले कळत नाही.

कण्यातील इंजेक्शनने कंबर जन्मभर दुखते, या समजाला अभ्यासांचा आधार नाही. बसल्यावर वाढणारी आणि आडवे होताच कमी होणारी डोकेदुखी मात्र त्या इंजेक्शनमुळे होऊ शकते. तिच्यावर उपचार आहेत; डॉक्टरांना सांगावे. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, ताप आला, टाके लाल झाले किंवा त्यांतून पू आला, पोटरी सुजली किंवा दम लागला, तर गोळी वाढवून वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.