बॉडीकॉन ड्रेस घेण्याआधी हे वाचा

बॉडीकॉन म्हणजे अंगाला लागून बसणारा ड्रेस. 'घट्ट बसायला हवा, एक साइझ लहानच द्या', असं आमच्या दुकानात रोज कुणीतरी म्हणतंच. कृपया तसं करू नका. हा ड्रेस आवळून बसत नाही, कापड ताणलं जातं म्हणून अंगावर बसतो. ही करामत इलास्टेनची, ज्याला आपण सरसकट लायक्रा म्हणतो. हा धागा १९५८ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत तयार झाला, तोही आतल्या घट्ट कपड्यांमधल्या रबराला पर्याय म्हणून. ड्रेसच्या कापडात तो पाच टक्क्यांच्या आसपास असला तरी पुष्कळ.

साडी घेताना पदर उलटून बघतो, तसं हे कापडही हातात घेऊन बघा. दोन्ही हातांनी आडवं ताणा आणि सोडा. लगेच जागेवर आलं तर ठीक. लाटा राहिल्या तर दोन-चार वेळा घातल्यावर ड्रेसला बसण्याच्या जागी फुगा येणार. ताणलेलं कापड उजेडात धरा. पलीकडची बोटं दिसली, तर सीटवरही, म्हणजे बसण्याच्या भागावरही, तेवढंच दिसेल. जाड रिब (उभ्या रेघांच्या विणीचं) किंवा पाँटे (दुहेरी विणीचं) कापड या बाबतीत बिनघोर.

साइझ सीटच्या मापावर ठरवा, कमरेच्या नाही. ट्रायल रूममध्ये बाजूची शिलाई सरळ खाली उतरते का बघा. ती मागे ओढली जात असेल किंवा मांड्यांवर आडव्या सुरकुत्या पडत असतील, तर ड्रेस लहान आहे. मग स्टुलावर बसा, उठा, हात वर करा. आम्ही स्टूल त्यासाठीच ठेवलंय, पिशव्या ठेवायला नाही! पोट दिसतं म्हणून ड्रेस परत ठेवू नका. बाजूला चुण्या असलेला किंवा गडद रंगाचा बघा.

आत बिनशिवणीचे, आपल्या त्वचेच्या रंगाचे कपडे घाला. फिकट ड्रेसखाली पांढरं उठून दिसतं.

आता दुचाकी. गुडघ्यापर्यंतचा सरळ ड्रेस घालून मागच्या सीटवर टांग टाकता येत नाही, आणि एका बाजूला बसून पुण्यातल्या कर्वे रोडची गर्दी काढण्यापेक्षा रिक्षा केलेली बरी. स्कूटर स्वतः चालवणार असाल तर मागे चीर असलेला ड्रेस घ्या, आत सायकलिंग शॉर्ट्स घाला. डिसेंबरच्या थंडीत वरून डेनिम जॅकेट छान दिसतं.

धुताना गार पाणी, साधी पावडर. ब्लीच आणि कडक इस्त्रीने इलास्टेन मरतं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत आडवा वाळवा. हँगरला लटकवला तर लांबतो.

अल्टरबद्दल आधीच सांगतो: आत मार्जिन (शिलाईबाहेरचं जास्तीचं कापड) नसतं, कडेला ओव्हरलॉकची शिलाईच असते. त्यामुळे ड्रेस घट्ट करून देऊ, उंची कमी करून देऊ. सैल करून मिळणार नाही.