भुसावळचा बॉक्सर : कुस्तीच्या मुलखात मुष्टियुद्ध आलं कुठून?

आबा गेले आणि दुसऱ्या दिवशी भुसावळच्या चौकाचौकांत भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागले. सगळ्यांवर फोटो एकच, जुना, कृष्णधवल, दोन्ही मुठी हनुवटीशी. खाली मात्र ज्याच्या मनाला येईल ते. कुणी ‘राष्ट्रीय विजेते’ छापलं, कुणी थेट ‘ऑलिंपिकपटू’. दोन्ही चूक. आबा (सगळं गाव त्यांना आबाच म्हणायचं, घरच्यांच्या इच्छेवरून इथेही तेवढंच लिहितो) ऑलिंपिकला गेले नव्हते आणि राष्ट्रीय स्पर्धेचं पदकही त्यांच्या घरात नाही. ते रेल्वेच्या लोको शेडमध्ये (इंजिनांच्या कारखान्यात) फिटर होते, आंतररेल्वे स्पर्धांत उतरले आणि पुढे आयुष्यभर पोरांना शिकवत राहिले. तापीकाठी जी गर्दी लोटली ती पदकासाठी नव्हती, हे गर्दीतल्या कुणालाही विचारा. फ्लेक्सवाल्यांचा दोष एवढाच, की माणूस एवढा लाडका का होता हे त्यांना सांगता आलं नाही, म्हणून त्यांनी पदव्या लावल्या. ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागतं.

खान्देश हा कुस्तीचा मुलूख. सुगी झाली, यात्रा लागल्या की आखाडे उकरायचे, हलगी वाजायची, नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात व्हायची आणि मोठ्या इनामाची जोड सूर्य कलल्यावर सुटायची. आजही तेच. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरीनं २०१४ ते २०१६ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी मारली तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या पारापारांवर दुसरा विषय नव्हता. कुस्तीला लागते माती, आणि ती गावोगाव आहे. लंगोट, तेल, वस्ताद एवढं जमलं की तालीम उभी राहते. मुष्टियुद्धाचा खटाटोप मोठा. दोऱ्यांचं रिंग हवं, ग्लोव्हज हवेत, घड्याळ लावून बसणारा माणूस हवा, पंच हवेत, डॉक्टर हवा. एवढं सगळं एका जागी असेल अशी ठिकाणं जुन्या मुंबई इलाख्यात मोजकीच होती. लष्कराच्या छावण्या, मिशनऱ्यांच्या शाळा, मुंबईतले क्लब आणि रेल्वेच्या वसाहती. खान्देशाच्या वाट्याला यातली रेल्वे आली, तीही भुसावळला.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८६०च्या दशकात तापीच्या खोऱ्यात उतरले. भुसावळहून एक फाटा नागपूरकडे गेला, दुसरा खंडवा-इटारसीवरून जबलपूरकडे. नागपूरची गाडी १८६७ साली सुरू झाली. गंमत म्हणजे मुष्टियुद्धाचे आधुनिक नियम, ज्यांना क्वीन्सबेरीचे नियम म्हणतात, तेही लंडनमध्ये १८६७ सालीच प्रसिद्ध झाले. त्याआधी उघड्या मुठींनी मारामारी चाले, धरून आपटणं चालायचं आणि एक माणूस पडेपर्यंत एक फेरी मोजली जायची. नव्या नियमांनी ग्लोव्हज आले, तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती ठरली, कवटाळून आपटणं बंद झालं. खाली पडलेल्याला उठायला दहा सेकंद. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही हे मान्य. पण पुढच्या साठ-सत्तर वर्षांत हा खेळ आपल्याकडे पोचला तो बऱ्याच अंशी याच रुळांवरून.

रेल्वे वसाहत म्हणजे गावाशेजारचं दुसरं गाव. बंगले, चर्च, दवाखाना, शाळा आणि इन्स्टिट्यूट, म्हणजे करमणुकीचा क्लब. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन या जागांवर बहुतेक युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसं. खलाशी, गँगमन, फिटर, कुली इथले. रेल्वेच्या गावांतून गोऱ्यांची इन्स्टिट्यूट वेगळी आणि देशी लोकांची वेगळी अशी पद्धत होती. गोऱ्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये लाकडी फरशीचा नाचाचा हॉल असे, बिलियर्ड्सचं टेबल असे, आणि हिवाळ्यात त्याच हॉलमध्ये दोऱ्या ताणून बॉक्सिंगच्या बाउट म्हणजे लढती होत. अँग्लो-इंडियन मुलं देवळालीच्या बार्न्ससारख्या निवासी शाळांत शिकायची. अशा शाळांत बॉक्सिंग शिस्तीचाच भाग धरत. सुटीत घरी आली की वसाहतीत त्यांच्या आपसांत जोड लागायच्या.

संघटनेचं बळ मागाहून आलं. बॉम्बे प्रेसिडेन्सी अ‍ॅमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन १९२५ सालची. रेल्वेचं स्वतःचं क्रीडा मंडळ १९२८ सालचं. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला भारताचा बॉक्सिंग संघ पहिल्यांदा गेला. त्यात बाबू लाल होते, ज्यांनी पाकिस्तानच्या बॉक्सरला हरवून भारताची ऑलिंपिकमधली पहिली बाउट जिंकली. संघातली जीन रेमंड, जॉन नटाल ही नावं वाचली की हा खेळ तेव्हा कुणाच्या अंगणात होता ते कळतं. १९४९ साली अखिल भारतीय संघटना झाली, १९५० साली मुंबईत पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

आणि नेमकं याच सुमाराला अंगण रिकामं होऊ लागलं. राज्यघटनेच्या ३३६व्या कलमानं रेल्वे, कस्टम आणि टपाल-तार खात्यांत अँग्लो-इंडियनांसाठी राखीव जागा ठेवल्या होत्या. पण दर दोन वर्षांनी १० टक्के कमी करत दहा वर्षांत त्या संपवायच्या होत्या. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा वाटांनी घरंच्या घरं निघून गेली. बंगल्यांतली माणसं बदलली. रिंग, घंटा, घामानं कडक झालेले ग्लोव्हज मागे राहिले.

आबांच्या पिढीच्या हाती ते लागले. वडील खलाशी. लहानपणी इन्स्टिट्यूटच्या खिडकीबाहेर उभं राहून बाउट पाहायच्या, हे ते स्वतःच सांगत. निवृत्तीला आलेल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं साठच्या दशकात त्यांना हात धरून आत नेलं. त्या माणसाला मराठी यायचं नाही, यांना इंग्रजी यायचं नाही. ‘लेफ्ट, लेफ्ट, राइट’वर सगळं भागायचं. ‘जॅब’, ‘गार्ड’, ‘डक’ हे शब्द आबांच्या तोंडी लेवा बोलीच्या हेलात ऐकायला मिळत, आणि भुसावळबाहेरच्या पंचांना त्याचं हसू येई.

सँडबॅगचंच घ्या. विकतची परवडायची नाही. म्हणून जुन्या ताडपत्रीची दुहेरी पिशवी शिवायची, तळाशी लाकडाचा भुसा ठासायचा आणि वरपर्यंत कॉटन वेस्ट भरायचं. कॉटन वेस्ट म्हणजे इंजिन पुसायला शेडमध्ये मिळणारे सुताचे गुंते. तेल पिऊन काळे झालेले गुंते कामाचे नाहीत, ते जड होऊन खाली बसतात आणि मनगट दुखावतं, कोरडेच हवेत. दर दोन-तीन महिन्यांनी पिशवी उतरवून आतला माल पिंजून पुन्हा भरायचा. ही कामं नव्या पोरांकडे. ठोसा मारायला मिळायच्या आधी महिनाभर पिशवी भरायला लागायची, आणि त्यात निम्मी पोरं गळायची. आबांना ते चालायचं.

मग आबा राष्ट्रीय पातळीवर का पोचले नाहीत? फ्लेक्सवाल्यांना न सुचलेला प्रश्न हाच. भारतीय हौशी बॉक्सिंगवर कितीतरी दशकं सेनादल आणि रेल्वे यांचं राज्य होतं. सेनादलात मुलगा भरती झाला की सराव हीच ड्यूटी. आशियाई स्पर्धेत १९६२ साली सुवर्ण मिळवणारे पदमबहादूर मल्ल किंवा १९६६ आणि १९७० अशी दोनदा सुवर्ण आणणारे हवासिंग, दोघेही लष्करातले. रेल्वेच्या संघात शिरायचं तर देशभरच्या सगळ्या झोनमधल्या आपल्या वजनाच्या माणसांना मागे टाकावं लागे. तिथे एका वजनात एकालाच जागा. फिटरची पाळी करून संध्याकाळी दोन तास सराव करणाऱ्याला तिथवर धडक मारता आली हेच पुष्कळ. स्पर्धेपुरती विशेष रजा मिळायची, सरावाला नाही. बँटमवेटला म्हणजे ५४ किलोला उतरायचे, आणि स्पर्धा पडायच्या थंडीत, ऐन भरताच्या दिवसांत. शेतात तुरकाट्यांवर वांगी भाजली जाताहेत, कळण्याची भाकरी, वर तेलाची धार, आणि हा माणूस दोन केळी खाऊन वजनकाट्यावर. या त्यागाबद्दल ते जास्त बोलायचे, हरलेल्या बाउटबद्दल कमी.

माझ्या मते आबांचं मोठं काम रिंगच्या बाहेर झालं. भुसावळचे रूळ गावाचे दोन भाग करतात. बॉक्सिंग कायम वसाहतीच्या बाजूला, लिंपस क्लब, पंधरा बंगल्याकडे राहिलं होतं. गावातल्या, बाजारातल्या, वाड्यावस्तीवरच्या पोराला ते परकं. आबांनी पुलापलीकडची पोरं आणली. हमालांची, भाजीवाल्यांची, वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणीतल्या कामगारांची. जात विचारली नाही, फी घेतली नाही. यात्रेत कुस्तीला जमणारी गर्दी मग बाउटलाही येऊ लागली, आणि तिचा आरडाओरडा कुस्तीचाच. ‘हान रे भो, सोडू नको त्याले!’ पंच वैतागून गप्प बसायला सांगत. कोण बसतं?

आबांचं शिकवणं जुन्या वळणाचं होतं. सरळ डावा ठोसा, मागचं पाऊल न उचलता, हेच महिनोन्महिने. पट्टी बांधणं ते स्वतः तपासायचे. आधी अंगठ्यात फास, मग मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या सांध्यांवरून, परत मनगटावर. पट्टी बांधल्यावर मूठ आवळायला लावायची आणि नखं पांढरी पडली तर सगळं सोडून पहिल्यापासून. नव्या काळाशी त्यांचं जमलं नाही ते गुणपद्धतीमुळे. १९८८च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये आपले मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार खेळले. त्याच स्पर्धेत अमेरिकेच्या रॉय जोन्सच्या अंतिम लढतीचा निकाल इतका उघड चुकला, की पंचांसमोर संगणकाची बटणं आली. १९९२पासून ऑलिंपिकमध्ये तीच पद्धत. बहुतेक पंचांनी एकाच सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. पोरं टिपून मारायला आणि पळायला शिकली, पोटावरचा ठोसा मोजलाच जाईना. आबांना हे अजिबात आवडायचं नाही. २०१३ साली बटणं गेली आणि पुरुषांचं हेडगार्डही गेलं, तोवर त्यांचा हात थांबला होता.

हाताचा विषय निघाला म्हणून. शेवटच्या काही वर्षांत आबांचे हात थरथरत, बोलताना शब्द अडकत. वय झालं, असं सगळे म्हणत आणि कदाचित तेवढंच असेल. निदान करणं माझं काम नाही. पण डोक्यावरच्या वारंवारच्या माराचा मेंदूवर होणारा परिणाम हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरनं १९२८ साली लिहून ठेवला आहे, रेल्वेचं क्रीडा मंडळ निघालं त्याच साली. श्रद्धांजलीच्या भाषणांत ‘किती मार खाल्ला पण हटले नाहीत’ असं कौतुकानं सांगितलं गेलं तेव्हा मला ते टोचलं. सरावात डोक्याला मारायला आबांनीच उतारवयात मनाई केली होती. त्यामागे काही जाणवलं असणार.

उत्तरकार्याच्या संध्याकाळी शोकसभा झाली. बॉक्सर गेला की रिंगची घंटा दहा वेळा वाजवायची, सगळ्यांनी उभं राहायचं, अशी या खेळातली प्रथा आहे. खाली पडलेल्याला मिळणारे दहा सेकंद, ते पुरे झाले, असा तिचा अर्थ. घंटा कुठेच सापडेना. शेवटी कुणीतरी रुळाचा तुकडा आणला, पूर्वी स्टेशनावर टांगलेला असायचा तसा, आणि हातोडीनं दहा टोले दिले. सातव्यानंतर मोजणारा चुकला आणि एक टोला जास्त पडला. मागून कुणीतरी म्हणालं, ‘आबाले उठाले अजून एक सेकंद दिला.’ हसू फुटलं आणि सभा मोकळी झाली.

आता पुढचं. १९९० साली जळगावला विद्यापीठ होईपर्यंत खान्देशातल्या कॉलेजच्या मुलांना निवडीसाठी पुणे विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरावं लागे. तो फेरा वाचला. पण डिसेंबर २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघानं भारतीय संघटना निलंबित केली. नवी संघटना २०१६ साली उभी राहीपर्यंत मधल्या वर्षांत कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाला चालेल आणि कुठल्या नाही, यात पोरं भरडली. आबांच्या हाताखालची बरीच त्याच काळात पोलीस भरतीच्या मैदानाकडे वळली. मुलींचं मात्र वाढलं. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या बाउट सुरू झाल्या, मेरी कोमनं कांस्य आणलं, आणि त्यानंतर आबांकडे मुली पाठवायला आईबाप कचरेनासे झाले.

सराव चालू आहे. आबांचे दोन जुने शिष्य संध्याकाळी मैदानात फक्कीनं चौकोन आखतात आणि त्यात पोरं खेळतात. स्पर्धेचं रिंग दोऱ्यांच्या आत ६.१ मीटर लांब-रुंद असतं, चौकोनही त्याच मापाचा. दोऱ्या तेवढ्या नाहीत. त्यामुळे ही पोरं बाहेरगावी स्पर्धेला गेली, की पाठ दोरीला लागताच गोंधळतात, आणि पहिली फेरी त्यातच जाते.