शातकर्णीशी गप्पा वेगळ्या, शातकर्णीबद्दल विचारणं वेगळं

नाशिकच्या मुलांच्या प्रकल्पवह्यांत हल्ली ‘गौतमीपुत्र शातकर्णी यांची मुलाखत’ सापडते, म्हणजे प्राचीन सातवाहन राजाची. चॅटबॉटला ‘तू शातकर्णी हो’ सांगायचं, प्रश्न टाकायचे, उत्तरं वहीत उतरवायची. हरकत घेतली की पालक म्हणतात, ‘अहो, माहिती तीच, फक्त गप्पांच्या रूपात.’ तीच नाही हो!

सनावळ्या दोन्हीकडे चुकतात, त्या तपासता येतात. गप्पांत मुलं रमतात, हेही कबूल. ‘हे बालका, ऐक’ छापाची पौराणिक मराठी मला सोसवत नाही (राजाचे लेख प्राकृतात आहेत), पण तो माझा वैताग.

खरी गोम ‘मी’मध्ये आहे. पांडवलेण्यांतल्या तीन नंबरच्या लेण्यात चला. क्षहरातांचा (शत्रू राजा नहपानाच्या घराण्याचा) निर्वंश, तीन समुद्रांचं पाणी प्यालेले घोडे, सगळं तिथे कोरलंय. पण ते शातकर्णी म्हणत नाही. त्याची आई गौतमी बलश्री हिचा तो लेख, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या 19 व्या वर्षातला. चॅटबॉटला राजा केलं की ‘माझ्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं’ असं येतं. आईने केलेलं कौतुक लेकाची बढाई होऊन बसतं. कुणी, कुणाबद्दल, केव्हा म्हटलं, हे सगळं त्या एका ‘मी’त गडप. आणि जिथे पुरावाच नाही, म्हणजे राजाचं बालपण किंवा नहपानाशी लढण्याआधीची रात्र, तिथेही तो तेवढ्याच ठामपणे बोलतो. पात्राने गप्प बसायचं नसतं ना!

राजाच्या स्वतःच्या आज्ञा त्याच लेण्यात आहेत. कारकिर्दीच्या 18 व्या वर्षी तो नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला कळवतो, की पश्चिम कखडी गावातलं, पूर्वी नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेलं 200 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना दिलं आहे. 24 व्या वर्षी राजमातेसह पुन्हा आज्ञा: ते शेत कुणी कसत नाही, गावही वसलेलं नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या आमच्या शेतातली 100 निवर्तनं द्या. एवढा जेता राजा, आणि पडीक शेताचं लचांड निस्तरतोय! मी पाहिलेल्या एकाही ‘मुलाखतीत’ हा माणूस नव्हता.

शातकर्णीबद्दल विचारलंत तर त्याच्यापर्यंत पोचता येतं. ‘हे कोणत्या लेखात आहे? कुणाच्या तोंडी?’ असं खोदून विचारा. मग एपिग्राफिया इंडिका या कोरीव लेखांच्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडातल्या सेनार यांच्या वाचनाशी ताडून पाहा, कारण चॅटबॉट लेखाचा क्रमांकही खुशाल रचून देतो.

नाटकच हवं असेल, तर कखडीचं शेत सोडून गेलेला एखादा कुणबी उभा करा. त्याचं नाव कुठेच कोरलेलं नाही, त्यामुळे त्याचं बोलणं पुरावा म्हणून कुणी वहीत लिहिणार नाही. काळारामच्या 1930 च्या सत्याग्रहासाठी मात्र बाबासाहेबांचा ‘आवाज’ मुळीच नको. त्यांचं लेखन आणि भाषणं राज्य सरकारने खंडच्या खंड छापली आहेत, ती मुलांच्या हातात द्या.